अँथनी कुटुंब, दारूबंदी आणि बायकांचं मत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुझन बी. अँथनी हे नाव आपल्याकडे पाठ्यपुस्तकातून किंवा स्पर्धा परीक्षेच्या गाइडमधून माहीत असतं : अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेली बाई. तिच्यामागे एक अख्खं घर उभं होतं, हे फारसं कोणी सांगत नाही. मी या घराबद्दल बरीच वर्षं वाचते आहे, आणि महिला मंडळांत, वाचनालयांत बोललेही आहे. बोलून झालं की तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते.

हे अँथनी कुटुंब नेमकं कुठलं?

मूळ मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अ‍ॅडम्स गावचं. वडील डॅनियल अँथनी हे क्वेकर पंथाचे, सूतगिरणी चालवणारे. आई लूसी रीड बाप्टिस्ट घरातल्या. मुलं सात : ग्वेल्मा, सुझन, हॅना, डॅनियल, मेरी, इलायझा आणि मेरिट. इलायझा अगदी लहानपणी गेली. सुझन दुसरी, जन्म १५ फेब्रुवारी १८२०. १८२६ मध्ये कुटुंब न्यूयॉर्क राज्यातल्या बॅटनव्हिलला आलं आणि १८४५ मध्ये रॉचेस्टरला. पुढची सगळी कहाणी रॉचेस्टरचीच.

क्वेकर पंथाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. या पंथात पुरोहित नसतो. सभेत सगळे शांत बसतात आणि ज्याला आतून काही सांगावंसं वाटेल तो उठून बोलतो. बाईलाही बोलता येतं. सुझनची एक आत्या क्वेकर उपदेशक होती. बाई चारचौघांत उभी राहून बोलते, हे या मुलींनी पाळण्यातूनच पाहिलेलं. बाहेरच्या जगात ते अब्रह्मण्यम् होतं, हे त्यांना मोठेपणी कळलं.

एकटी सुझन पुरेशी नाही का? कुटुंबाची गोष्ट कशाला?

कारण सुझन जे जे ठामपणे करताना दिसते, त्याची तालीम तिच्या घरात झाली होती. वडील शांततावादी. कराचा पैसा युद्धावर जातो म्हणून ते कर आपल्या हाताने द्यायचे नाहीत. वसुली करणारा दारात आला की पाकीट टेबलावर ठेवायचे आणि सांगायचे, मी स्वखुशीने देणार नाही, तुम्हाला हवे तेवढे यातून काढून घ्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही, पण मान्यताही नाही. त्यांच्या एका मुलीने पुढे न्यायालयाने केलेला दंड भरायला नकार दिला. दुसरीने वर्षानुवर्षं कराच्या पैशांसोबत निषेधाचं पत्र जोडलं. टेबलावर ठेवलेलं ते पाकीट डोळ्यांसमोर असलं की या दोन्ही गोष्टी आकाशातून पडल्यासारख्या वाटत नाहीत.

वडील दारूच्या विरोधात कशामुळे गेले?

डॅनियल यांचं गिरणीला जोडून दुकान होतं, आणि त्या काळी दुकानात रम ठेवणं म्हणजे मीठमिरची ठेवण्याइतकंच साधं होतं. असं सांगतात की एकदा थंडीत गोठून मेलेला एक माणूस रस्त्याकडेला सापडला, शेजारी रिकामा जग. ती रम डॅनियलच्या दुकानातली नव्हती. पण असा कोणी उद्या माझ्या दुकानातून जाऊ शकतो, एवढ्या विचाराने त्यांनी दारू विकणं कायमचं बंद केलं.

लोकांनी वेड्यात काढलं. त्या भागात घराचा लाकडी सांगाडा उभा करायला गाव जमायचं, आपल्याकडे इर्जिक घालतात तसं, आणि आलेल्या हातांना दारू द्यायचीच असा शिरस्ता होता. गिरणीकामगारांची घरं उभी करताना डॅनियल यांनी दारूऐवजी चहा, कॉफी, सरबत आणि चांगलं जेवण दिलं. घरं उभी राहिली. पुढे त्यांनी कामगारांमध्ये दारू न पिण्याची शपथ घेणारी मंडळीही जमवली.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट मात्र नाचाच्या वर्गाची आहे. धंदा बुडाल्यावर हे कुटुंब जवळच्याच हार्डस्क्रॅबल नावाच्या वस्तीत, एका जुन्या खानावळीच्या इमारतीत राहायला गेलं. वरच्या मजल्यावर मोठं दालन होतं. गावातल्या तरुण मुलामुलींना नाच शिकायला जागा हवी होती. दुसरी जागा होती ती गुत्त्याला लागून. डॅनियल यांनी बराच विचार करून आपलं दालन दिलं, अट एकच : दारू नाही, तंबाखू नाही. त्यांच्या स्वतःच्या मुलींना नाचायची परवानगी नव्हती. त्या भिंतीला टेकून बसायच्या आणि बघायच्या. तरी क्वेकर सभेने त्यांना पंथातून काढून टाकलं, घरात नाच होऊ दिला म्हणून. आधी बिगर-क्वेकर मुलीशी लग्न केलं म्हणून समज मिळालीच होती. मुलांना गुत्त्यापासून लांब ठेवलं हे आपल्या हातून झालेलं एक चांगलं काम होतं, आणि नेमकं त्याचीच शिक्षा झाली, असं त्यांना कायम वाटत राहिलं.

पण त्या काळी दारूचा प्रश्न खरंच एवढा मोठा होता का? की ही धार्मिक लोकांची कटकट?

मोठा होता. १८३० च्या सुमाराला अमेरिकेत दर प्रौढ माणसामागे वर्षाला अंदाजे ७ गॅलन (साधारण २६ लिटर) शुद्ध अल्कोहोल एवढी दारू रिचवली जात होती, म्हणजे आजच्या तिथल्या प्रमाणाच्या जवळजवळ तिप्पट. धान्य लांब वाहून नेण्यापेक्षा त्याची व्हिस्की करून विकणं शेतकऱ्याला परवडायचं, म्हणून ती स्वस्त होती. मजुरीत दारू, निवडणुकीत दारू, बारशाला दारू, मयताला दारू. १८२६ मध्ये बॉस्टनला अमेरिकन टेम्परन्स सोसायटी (टेम्परन्स म्हणजे दारूपासून दूर राहणं) निघाली ती या परिस्थितीत.

बायकांच्या बाजूने बघितलं तर चित्र आणखी काळवंडतं. नवरा पगार उडवून घरी आला तर बायकोने करायचं काय? कायद्याने लग्नानंतर तिचं वेगळं अस्तित्वच उरत नसे. तिने शिवणकाम करून मिळवलेला पैसा नवऱ्याचा. मुलांचा ताबा नवऱ्याचा. माहेरून आलेलं नवऱ्याचं. दारुड्याच्या बायकोने चार पैसे डब्यात लपवले, तर कायद्याच्या नजरेत तिने नवऱ्याचे पैसे लपवलेले असत.

दारूबंदी आणि मताधिकार यांचा संबंध नेमका कुठे जुळतो?

याचं उत्तर मला पुस्तकी व्याख्येपेक्षा या घराच्या जप्तीत जास्त स्पष्ट दिसतं.

१८३७ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली आणि डॅनियल अँथनींची गिरणी बुडाली. घरातल्या सामानाचा लिलाव निघाला. त्या सामानाची यादी झाली, आणि त्या यादीत आईवडिलांचे चष्मेसुद्धा होते. अंगातले आतले कपडे होते. मी ही हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा चष्म्यापाशी थांबले. माणूस कर्जबाजारी झाला तर त्याची नजरही विकायला निघावी! लूसींना माहेरून मिळालेल्या वस्तूही त्यातच गेल्या, कारण त्या कायद्याने नवऱ्याच्याच होत्या. लूसींचे भाऊ जोशुआ रीड लिलावाला आले आणि त्यांनी जिव्हाळ्याच्या वस्तू बोली लावून सोडवल्या, बहिणीला परत दिल्या.

पुढे १८४५ मध्ये रॉचेस्टरजवळ ३२ एकरांचं शेत घेतलं, ते लूसींच्या वारशाच्या पैशांतून. पण नोंद त्यांच्या नावावर करता येईना. केली असती तर ते नवऱ्याचं झालं असतं आणि नवऱ्याचे धनको टपलेलेच होते. म्हणून शेत भावाच्या नावावर ठेवलं. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्याने विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा कायदा केला, त्यानंतर शेत लूसींच्या नावावर आलं. स्त्रीधन हा शब्द तरी आपल्याकडे होता. तिथे तोही नव्हता.

आता विचार करा. या घरातला कर्ता पुरुष दारूला शिवत नव्हता, बायकोला मान देत होता, मुलींना शिकवत होता. तरी कायद्याने बायको उघडी पडली. मग जिचा नवरा पितो तिचं काय होत असेल? नवरा चांगला मिळणं हे नशीब झालं, संरक्षण नव्हे. संरक्षण कायद्यातून यायचं, आणि कायदा करणाऱ्यांना निवडायला मत लागतं. सुझनला हे एका दिवसात उमगलं नाही. पण उमगलं तेव्हा ते तिच्या आईच्या चष्म्यापर्यंत मागे जाणारं होतं, अशी माझी ठाम समजूत आहे.

वडील एवढे पुढारलेले, मग घरात मुलगा-मुलगी भेद नव्हताच का?

होता, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. बॅटनव्हिलच्या शाळेत मास्तर सुझनला मोठा भागाकार शिकवेनात, मुलीला काय करायचाय म्हणून. डॅनियल यांनी घरीच शाळा सुरू केली आणि शिकलेली शिक्षिका नेमली. हे एक.

दुसरं असं. सुझन अकरा-बारा वर्षांची असताना गिरणीत रमायची. तिच्या लक्षात आलं की सॅली अ‍ॅन नावाच्या कामगार बाईला विणकामातलं मुकादमापेक्षा जास्त कळतं, धागा तुटला की मुकादम तिलाच बोलावतो. तिने वडिलांना विचारलं, मग तिलाच मुकादम का करत नाही? वडील म्हणाले, गिरणीत बाई मुकादम चालायची नाही. मुलीला भागाकार यायला हवा, इथपर्यंत ते आले होते. बाईच्या हाताखाली माणसं काम करतील, इथे त्यांचं पाऊल अडलं. मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग खात्यात राबलेल्या बायकांना हे नव्याने सांगायला नको. त्यांच्यावरचा जॉबरही बहुतेक पुरुषच असायचा.

त्याच गिरणीतली आणखी एक आठवण. सूत गुंडाळणारी एक मुलगी आजारी पडली. बदली कोणी जायचं यावर सुझन आणि हॅना भांडल्या, मग चिठ्ठ्या टाकल्या. अट अशी की जिला काम मिळेल तिने अर्धी मजुरी दुसरीला द्यायची. सुझनने दोन आठवडे काम केलं आणि ३ डॉलर मिळाले. आपल्या दीड डॉलरमधून तिने आईसाठी फिक्या निळ्या रंगाचे सहा कप-बशा आणल्या. गिरणीतल्या अनेक मुली घरात राहून जेवायच्या, तेव्हा त्यांच्यासाठी रांधणारी, भाकऱ्यांसारखे पावाचे ढीग भाजणारी आई तिला रोज दिसत होती. कमावलेल्या पहिल्या पैशांवर आपला हक्क असतो, हे तिला या कपांतून कळलं. पण लग्न झालेल्या आईच्या हातात आल्यावर ते कप कायद्याने कोणाचे झाले असतील, ते वर आलंच आहे.

१८४८ च्या सेनेका फॉल्सच्या पहिल्या स्त्रीहक्क परिषदेत सुझन होती ना?

नव्हती. हा गैरसमज फार पसरलेला आहे. ती तेव्हा कॅनाजोहरी गावात शाळेत शिकवत होती. सेनेका फॉल्सनंतर दोन आठवड्यांनी, २ ऑगस्ट १८४८ ला, रॉचेस्टरच्या युनिटेरियन चर्चमध्ये पुढची परिषद भरली. तिथे गेले होते वडील डॅनियल, आई लूसी आणि धाकटी मेरी. तिघांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सुझन सुटीत घरी आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर हाच विषय, आणि ती जरा लांबूनच ऐकत होती. म्हणजे मताधिकाराच्या कामात घरातली मंडळी सुझनच्या आधी गेली. तिला त्या वेळी दारूबंदीचं काम अधिक जवळचं वाटत होतं.

मग ती दारूबंदीतून मताधिकाराकडे कधी वळली?

पहिलं जाहीर भाषण तिने मार्च १८४९ मध्ये कॅनाजोहरीत केलं, 'डॉटर्स ऑफ टेम्परन्स' या बायकांच्या दारूविरोधी संघटनेपुढे. मग शिकवणं सोडून रॉचेस्टरला आली आणि पूर्णवेळ याच कामात पडली.

जानेवारी १८५२ मध्ये ऑल्बनीला 'सन्स ऑफ टेम्परन्स' या पुरुषांच्या दारूविरोधी संघटनेचा मेळावा होता. बायकांच्या शाखांनाही प्रतिनिधी पाठवायला सांगितलं होतं. सुझन बोलायला उठली. अध्यक्ष म्हणाले, भगिनींना इथे बोलायला नव्हे, ऐकायला आणि शिकायला बोलावलं आहे. ती आणि काही जणी उठून बाहेर पडल्या. त्याच रात्री त्यांनी एका प्रेस्बिटेरियन चर्चच्या छोट्या खोलीत स्वतःची सभा घेतली. बाहेर बर्फ पडत होतं, खोलीत उजेड पुरेसा नाही, शेगडी धुमसत होती आणि भाषणं चालू असताना तिचा धुराडा निखळून खाली पडला. तरी सभा चालली, आणि बायकांची राज्यव्यापी संघटना काढायची असं ठरलं.

ती संघटना एप्रिल १८५२ मध्ये रॉचेस्टरला उभी राहिली. अध्यक्ष एलिझाबेथ केडी स्टँटन (सेनेका फॉल्सची परिषद भरवणाऱ्यांपैकी एक), सचिव सुझन. दोघींची ओळख आदल्याच वर्षी सेनेका फॉल्सच्या रस्त्यावर झालेली. स्टँटनबाईंनी थेट मागणी केली की नवरा अट्टल दारुडा असेल तर बायकोला घटस्फोट मिळाला पाहिजे. सभागृहात वादळ उठलं. बायकांनी दारूबंदीच्या कायद्यासाठी २८,००० सह्या गोळा करून विधिमंडळाला दिल्या. तिथे ऐकायला मिळालं की यात बहुतेक सह्या बायका-मुलांच्या आहेत.

माझ्या मते सगळं वळण इथे आहे. पायपीट करून, दारोदार जाऊन, शाई-टाक घेऊन जमवलेल्या सह्या. आणि त्यांची किंमत शून्य, कारण सही करणाऱ्यांपैकी कोणी त्या आमदाराला पाडू शकत नव्हतं. १८५३ मध्ये त्यांच्याच संघटनेत पुरुषांना बरोबरीचे हक्क दिले गेले, त्यांनी स्त्रीहक्काचा विषय बाजूला ठेवायचा आग्रह धरला आणि स्टँटन अध्यक्षपदावरून गेल्या. दोघींनी राजीनामे दिले.

म्हणजे तिने दारूबंदी सोडून दिली?

संघटना सोडली, विचार सोडला नाही. १८६८ मध्ये तिने 'द रिव्होल्यूशन' हे साप्ताहिक काढलं तेव्हा त्यात पेटंट औषधांच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत असं ठरवलं. त्या बाटल्यांत औषधाच्या नावाखाली बरेचदा दारूच असायची. वर्तमानपत्रांची कमाई या जाहिरातींवर चालत होती, त्यामुळे हा बाणेदारपणा महागात पडला. अडीच वर्षांत साप्ताहिक तिच्या हातून गेलं आणि डोक्यावर १०,००० डॉलरचं कर्ज राहिलं. मेरीने आपली साठवलेली रक्कम त्यात घातली होती. सुझनने गावोगाव व्याख्यानं देऊन ते सगळं कर्ज १८७६ पर्यंत फेडलं.

१८७२ च्या मतदानात बहिणीही होत्या, हे खरं?

हो. १ नोव्हेंबर १८७२ ला ग्वेल्मा, सुझन, हॅना आणि मेरी अशा चौघी सख्ख्या बहिणी मतदार नोंदणीला गेल्या. नोंदणी चालली होती न्हाव्याच्या दुकानात. सुझनने नागरिकांच्या हक्कांबद्दलची, घटनेची चौदावी दुरुस्ती वाचून दाखवली, त्यात नागरिकत्वाबद्दल 'पुरुष' असं कुठे लिहिलंय ते दाखवा म्हणाली, आणि नावं लिहून घेतली गेली. ५ नोव्हेंबरला मतदान झालं. सुझनबरोबर त्याच वॉर्डातल्या आणखी १४ स्त्रियांवर गुन्हा दाखल झाला, पण खटला चालवला तो फक्त तिच्यावर.

१८ नोव्हेंबरला मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचा पोलीस अधिकारी, तिला अटक करायला मॅडिसन स्ट्रीटवरच्या घरी आला. संकोचत, हवामानाच्या गप्पा मारत होता म्हणे. ट्रामच्या वाहकाने तिकिटाचे पैसे मागितले तेव्हा सुझनने सांगितलं, मी सरकारी खर्चाने प्रवास करतेय, या गृहस्थांकडून घ्या.

जून १८७३ मध्ये कॅनँडेग्वाला खटला उभा राहिला. न्यायमूर्ती वॉर्ड हंट यांनी ज्युरीला विचार करायलाही पाठवलं नाही. आधीच लिहून आणलेला निकाल वाचला आणि दोषी ठरवायला सांगितलं. दंड १०० डॉलर. एक डॉलरही देणार नाही, असं तिने उभ्या उभ्या सांगितलं, आणि तो दंड तिने कधीच भरला नाही. नावं नोंदवून घेणारे तरुण निरीक्षक मात्र दंड भरेनात म्हणून तुरुंगात गेले. मत दिलेल्या बायका त्यांना रोज डबा नेऊन देत होत्या. पुढे अध्यक्ष ग्रँट यांनी त्यांना माफी दिली.

खटल्याच्या वेळी ग्वेल्मा क्षयाने खंगत होती. नोव्हेंबर १८७३ मध्ये ती गेली. तिने आयुष्यात ते एक मत दिलं.

मेरीबद्दल एवढं कमी का ऐकू येतं?

कारण तिने घर सांभाळलं. आणि घर सांभाळणाऱ्यांची नोंद इतिहास शेवटी, जागा उरली तर करतो. मेरी रॉचेस्टरच्या शाळेत शिक्षिका, नंतर मुख्याध्यापिका होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा सेवा मेरीने केली (लूसी १८८० मध्ये गेल्या), भाच्यांना वाढवलं, सुझन महिनोन्‌महिने रेल्वेत असायची तेव्हा तिचा पत्ता, तिची पत्रं, तिचा हिशेब मेरीकडे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिने रॉचेस्टरच्या पोलिटिकल इक्वॉलिटी क्लबची धुरा अनेक वर्षं वाहिली.

१८९० च्या दशकाच्या अखेरीपासून ती मालमत्ता कर भरताना सोबत पत्र पाठवायची : मला मत नाही, म्हणून हा कर निषेध नोंदवून भरते आहे. दरवर्षी कर, दरवर्षी पत्र.

१९०० मध्ये रॉचेस्टर विद्यापीठ मुलींना प्रवेश द्यायला तयार झालं, पण बायकांनी ५०,००० डॉलर जमवले तर. मुदत संपायला एक दिवस उरला आणि ८,००० कमी पडत होते. मेरीने मृत्युपत्रात विद्यापीठासाठी ठेवलेले २,००० डॉलर आत्ताच देते म्हणून सांगितलं. मग ऐंशी वर्षांची सुझन दिवसभर घोडागाडीतून ओळखीच्यांच्या दारात गेली. शेवटचे २,००० अडले तेव्हा तिने स्वतःचा आयुर्विमा तारण दिला. मुलींना प्रवेश मिळाला. सुझन १३ मार्च १९०६ ला गेली, मेरी पुढच्याच फेब्रुवारीत.

आणि भाऊ?

दोघेही कॅन्ससला गेले. मेरिट १८५६ मध्ये ओसावाटोमीला गुलामगिरीविरोधी जॉन ब्राउनच्या बाजूने लढला. थोरला डॅनियल लेव्हनवर्थचा महापौर झाला, तिथलं वर्तमानपत्र चालवलं आणि सुझनला अडीअडचणीला पैशाने, शब्दाने साथ दिली. मेरिटची मुलगी लूसी ही आत्याची चिटणीस झाली, आणि नंतर आयुष्यभर अ‍ॅना हॉवर्ड शॉ यांच्यासोबत राहिली. शॉबाई आधी दारूविरोधी महिला संघटनेत मताधिकार विभाग सांभाळत होत्या, मग मताधिकार संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. दोन्ही चळवळींची गाठ अशी तिसऱ्या पिढीतही सुटली नाही.

दारूबंदीमुळे बायकांना मत लवकर मिळालं की उशिरा?

दोन्ही, आणि हे मी टाळाटाळ म्हणून सांगत नाही. १८७४ मध्ये 'विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन' निघाली. फ्रान्सिस विलर्ड तिच्या अध्यक्ष झाल्यावर त्यांनी मताला 'घराच्या रक्षणाचं मत' म्हटलं. ज्या बायका मताधिकाराचं नाव काढलं की कानावर हात ठेवायच्या, त्या घराच्या रक्षणासाठी पुढे आल्या. न्यूझीलंडमध्ये तर केट शेपर्ड यांनी याच संघटनेतून काम करून १८९३ मध्ये देशभरच्या बायकांना मत मिळवून दिलं.

पण दारूवाल्यांनाही हे दिसत होतं. बायकांना मत मिळालं तर पहिला घाव आपल्यावर, अशी त्यांची खात्री. १८९६ मध्ये कॅलिफोर्नियात मताधिकारावर जनमत होतं. युनियनचं राष्ट्रीय अधिवेशन त्याच राज्यात भरणार होतं, ते दुसरीकडे न्या अशी विनंती सुझनने विलर्डबाईंना केली, आणि त्यांनी ती मानली. तरी मतदानाच्या काही दिवस आधी दारू विक्रेत्यांच्या संघाने गुत्तेवाले, किराणावाले, औषधविक्रेते यांना पत्रं पाठवली. ठराव पडला. कॅलिफोर्नियाच्या बायकांना १९११ पर्यंत थांबावं लागलं.

आणखी एक, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर उलटं फिरतं : बायकांना मत मिळालं म्हणून अमेरिकेत दारूबंदी आली, असं नाही. दारूबंदीची अठरावी दुरुस्ती जानेवारी १९१९ मध्ये मंजूर झाली, बायकांच्या मताची एकोणिसावी ऑगस्ट १९२० मध्ये. काही राज्यांत बायका आधीपासून मत देत होत्या, पण देशभरची दारूबंदी त्यांच्या देशभरच्या मताआधी आली. दारूबंदी १९३३ मध्ये उठली. मत राहिलं.

सुझन अँथनी कृष्णवर्णीयांच्या विरोधात होती का?

हा प्रश्न मुलीच जास्त विचारतात, आणि विचारायलाच हवा. अँथनींचं घर गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांचा अड्डा होता. गुलामगिरीतून निसटलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस रविवारी शेतावर यायचे. डॅनियल तर गुलामांच्या श्रमाचा नसलेला कापूस शोधायचे. पण गुलामगिरीवरून झालेल्या अमेरिकेतल्या यादवीनंतर कृष्णवर्णीय पुरुषांना मत द्यायची आणि बायकांना वगळायची वेळ आली, तेव्हा सुझन आणि स्टँटन यांनी पंधराव्या दुरुस्तीला विरोध केला, आणि तो करताना वंशद्वेषी लोकांचा हात धरला. १८६९ मध्ये चळवळ त्यावरून फुटली. १८९५ मध्ये मताधिकार संघटनेच्या अ‍ॅटलांटाच्या अधिवेशनाला दक्षिणेतल्या गोऱ्या बायका बिथरू नयेत म्हणून तिने डग्लसना येऊ नका असं सांगितलं. कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स तिच्या घरी उतरली असताना तिने हे स्वतः वेल्सला सांगितलं, आणि वेल्सने तोंडावर सांगितलं की हे चुकलं. वेल्सचा मजकूर उतरवून घ्यायला नकार देणाऱ्या टंकलेखिकेला याच सुझनने कामावरून काढलंही. मी ही बाजू व्याख्यानात कधी वगळत नाही. वगळली तर वेल्सचा आवाज दुसऱ्यांदा दाबल्यासारखं होईल.

या सगळ्याशी मराठी माणसाचा काही धागा आहे का?

आहे, आणि तो पंडिता रमाबाईंचा. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि सुमारे अडीच वर्षं अमेरिकेत राहिल्या. विलर्डबाईंच्या टेम्परन्स युनियनच्या त्या व्याख्यात्या होत्या. १८८८ मध्ये सुझन आणि तिच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय महिला परिषद भरवली, तिथे रमाबाई हिंदुस्थानातल्या बायकांबद्दल बोलल्या. परत आल्यावर त्यांनी १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत लिहिलं, आणि त्यात तिथल्या बायकांची स्थिती, त्यांच्या संघटना, दारूविरोधी काम हे सगळं मराठी वाचकासमोर ठेवलं. त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन उघडलं, त्याला अमेरिकेतल्या बायकांच्या वर्गणीचा हात होता.

दुसरा धागा नात्याचा नाही, अनुभवाचा आहे. महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायका मतदान करतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं : उभी बाटली आणि आडवी बाटली. २००८ च्या शासकीय आदेशात अट अशी होती की बाटली आडवी व्हायला नोंदणी झालेल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं हवीत, आलेल्यांपैकी नव्हे. म्हणून मजुरीला गेलेली, माहेरी गेलेली, नवऱ्याने दारातून परतवलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या खात्यात जमा व्हायची. २८,००० सह्यांची गोष्ट मी खेड्यात सांगते तेव्हा बायकांना समजावून सांगावी लागत नाही.

आज तिथे काय पाहायला मिळतं?

रॉचेस्टरला १७ मॅडिसन स्ट्रीटवरचं घर संग्रहालय म्हणून जपलेलं आहे. अटक झाली ती पुढची बैठकीची खोली बघता येते. माउंट होप दफनभूमीत सुझन आणि मेरी यांच्या साध्या पांढऱ्या शिळा आहेत. निवडणुकीच्या दिवशी लोक मत देऊन तिथे येतात आणि 'मी मत दिलं' असं लिहिलेलं स्टिकर सुझनच्या शिळेवर चिकटवतात. २०१६ मध्ये रांग इतकी लागली की दफनभूमीचे दरवाजे रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवावे लागले. स्टिकरच्या गोंदाने दगड खराब होऊ लागला म्हणून २०२० मध्ये त्याच्यावर पारदर्शक आवरण घातलं. लोकांनी स्टिकर त्या आवरणावर लावले.